विमानालाही लागते निगा!

बारवी धरण भरल्याची बातमी आली की आम्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांचा जीव भांड्यात पडतो. चला, वर्षभराची पाण्याची चिंता मिटली! पण हे धरण १९७२ सालचं, पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवत नेली, २०१९ च्या पावसाळ्यात ते ७२.६० मीटरच्या नव्या पातळीपर्यंत भरलं आणि त्यासाठी काही गावं-पाडे पाण्याखाली गेले, हे नळाखाली हंडा लावताना कुणाच्या मनात येतं? माझ्या येतं, कारण तिथून उठून आलेल्या बायकांच्या बचत गटाचं काम मी बघते. आज मात्र मला धरणावर लिहायचं नाहीये. लिहायचंय ते विमानावर. चक्रावलात ना? सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी विमानं दुरुस्त करते. उडवत नाही, दुरुस्त करते. घर गेलं, जमीन गेली, त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळणार होती, ती रीतीप्रमाणे मुलाच्या वाट्याला गेली. मोबदल्याच्या पैशातून मुलीचं लग्न उरकावं असं सगळ्यांचं मत. पोरीने मात्र बारावी सायन्सला बरे मार्क मिळवले होते आणि कुठल्याशा करिअर मेळाव्यात तिने ‘एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग’ हा शब्द ऐकला होता. तिच्या आईने पाय रोवले. "नोकरी त्याला दिली ना, मंग पैसं हिच्या शिक्षणाला," एवढंच म्हणाली. हे साल २०१७.

तिचा मामा नेवाळीकडचा. तिथली शेतजमीन दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टीसाठी घेतली, ती परत मिळावी म्हणून शेतकरी पिढ्यान् पिढ्या झगडताहेत आणि जून २०१७ मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं होतं. तो मामा म्हणाला, "आमची जमीन विमानाने खाल्ली, तुमची धरणाने. आन् पोरगी निघाली विमानाचीच चाकरी करायला!" त्याचंही काही चुकीचं नव्हतं म्हणा.

आता ही मुलगी जुहूच्या एका हँगरमध्ये काम करते. हँगर म्हणजे विमानाचं गॅरेज. तिथे एका खासगी मालकाचं चार सीटचं जुनं सेसना विमान तिच्या टीमकडे आहे, तिच्या आईपेक्षा वयाने थोडं मोठंच. नाव छापायचं नाही, या अटीवर तिने मला दोन रविवार बसवून सगळं समजावलं. मी पडले बी.ए. मराठीवाली. तरीही मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल!

माझा पहिलाच प्रश्न होता, "अगं, आपल्या मारुतीला पंधरा वर्षं झाली तर लोक भंगारात काढा म्हणतात. पन्नास वर्षांचं विमान आकाशात कसं जातं?"

ती हसली. "काकू, जगातली बरीचशी छोटी विमानं जुनीच असतात. हे सेसना १७२ मॉडेल १९५५ साली पहिल्यांदा उडालं. आतापर्यंत चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनलीत. मधे १९८६ पासून दहा वर्षं कारखान्याने ती बनवणंच बंद केलं होतं. म्हणजे जी उडतात त्यातली कितीतरी त्याच्या आधीची. विमानाचं वय आम्ही वर्षांत मोजत नाही, तासांत मोजतो."

तासांत, म्हणजे ते किती तास उडालं यावर. दर ५० तासांनी ऑईल बदलायचं, दर १०० तासांनी विमान उघडून तपासायचं, आणि तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करून विमान उडायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र ताजं करून घ्यायचं. अशा विमानांच्या बऱ्याच इंजिनांना साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, अशी मर्यादा कंपनीने सांगितलेली असते. मग इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं, एकेक भाग मोजायचा, झिजलेला टाकायचा आणि पुन्हा जुळवायचं. याला म्हणतात ओव्हरहॉल. म्हणजे विमान जुनं असलं तरी त्याच्या पोटातलं बरंच काही नवं असतं. आपल्या आजीच्या पितळी स्टोव्हचं नाही का? वॉशर बदलला, बर्नर बदलला, पिन बदलली, टाकी तेवढी आजीची!

पण स्टोव्हचा वॉशर कुणी, कधी बदलला हे आपण कुठे लिहून ठेवतो? विमानाचं सगळं लिहिलेलं असतं. विमानाच्या सांगाड्याचं एक लॉगबुक, इंजिनाचं वेगळं, पंख्याचं वेगळं. कुठला स्क्रू कधी बदलला, तो कुठून आणला, त्याचा कागद कुठे आहे, काम कुणी केलं आणि कुणाच्या लायसन्सवर सही झाली, सगळं. बाजारात मिळाला म्हणून कुठलाही सुटा भाग लावता येत नाही. कागदाशिवाय आलेला सोन्यासारखा भागही कचऱ्यात जमा. जुनं विमान विकत घेणारा शहाणा माणूस आधी रंग बघत नाही, ही बाडं चाळत बसतो. मधली काही वर्षं कोरी सापडली की भाव पडला!

आणि रोजचं काम? ते ऐकताना मला आपलं घरच दिसायला लागलं. सकाळी पहिलं काम म्हणजे टाकीच्या सगळ्यात खालच्या टोकाचा छोटा नळ दाबून पारदर्शक भांड्यात थोडं पेट्रोल काढायचं. रात्रीच्या दमट हवेचं पाणी टाकीत उतरलेलं असू शकतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. या विमानांचं पेट्रोल निळसर असतं, त्यामुळे खाली बिनरंगाचा थेंब दिसला की लगेच कळतं. मग पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं, नुसतं निळं येईपर्यंत.

मग कुंभारीण माशी! आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घरटं करते ना, तीच. विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून वेग कळतो. विमान दोन दिवस उभं राहिलं की या बाईसाहेब त्या नळीत बिऱ्हाड थाटतात. वैमानिकाला वेग चुकीचा दिसला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून त्या नळीला टोपरं घालतात, त्याला लाल पट्टी लोंबत असते, उडायच्या आधी काढायला विसरू नये म्हणून.

ऑईल बदलताना जुना फिल्टर फेकून देत नाहीत. तो कापतात, आतला घडीचा कागद उलगडतात आणि उजेडात धरून बघतात. तांदूळ निवडतो तसं. चमचमणारा धातूचा कण दिसला की समजायचं, इंजिनाच्या पोटात काहीतरी झिजतंय. इंजिन अजून कुरकुरत नसतं, आवाज छान असतो, पण फिल्टर आधी बोलतो.

नट-बोल्ट नुसते आवळून भागत नाही. हादऱ्यांनी ते सैल होतात. म्हणून बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून तिला पीळ घालतात आणि शेजारच्या बोल्टला अशी बांधतात, की एक सैल व्हायला लागला तर दुसरा आवळला जावा. "काकू, मला हे पहिल्या दिवशी जमलं," ती म्हणाली. "वर्गातली मुलं बघत राहिली. मी म्हटलं, आईचे गजरे कुणी ओवले?" आणि वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून पंखापर्यंत जाणाऱ्या तारा एकाने जोडल्या की दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायच्याच, मग पहिला कितीही अनुभवी असो. संध्याकाळी पाने-पकडी मोजून जागेवर. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. आमच्याकडे लग्नघरी चमचे मोजतात, त्याहून कडक!

समुद्राजवळच्या हँगरमध्ये आणखी एक वैताग म्हणजे खारी हवा. अॅल्युमिनियम आतून पांढरं पडतं, फुगतं. वरून रंग छान आणि आत पोखरलेलं. आणि पावसाळ्यात तर गंमतच. हवा दमट असली की बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही कार्बोरेटरमध्ये बर्फ जमू शकतो. माझा विश्वासच बसेना. मग तिने माठाचं उदाहरण दिलं. पाणी उडून जाताना माठ गार होतो, तसं पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर गार होतो, आणि हवेतलं बाष्प तिथे गोठतं. त्यासाठी इंजिनाची गरम हवा तिकडे वळवायची एक कळ असते. ती नीट चालते ना, हे जमिनीवरच बघून घ्यायचं.

मला सगळ्यात आवडले ते कापडाचे पंख. हो, कापडाचे! आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं ‘पुष्पक’ नावाचं दोन सीटचं विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये किती वैमानिक त्याच्यावर शिकले. त्याचे पंख कापडाने मढवलेले. पूर्वी असं कापड म्हणजे सुती किंवा लिनन. ते सांगाड्यावर चढवायचं, मेण लावलेल्या दोऱ्याने पंखाच्या फासळ्यांना ठरावीक अंतरावर टाके घालून बांधायचं, टाक्यांवर दातेरी कात्रीने कापलेल्या पट्ट्या चिकटवायच्या, कडा उसवू नयेत म्हणून. मग ‘डोप’ नावाच्या द्रावणाचे हात द्यायचे, की कापड ढोलकीसारखं ताणून बसतं. पुढे पॉलिएस्टर आलं. ते ताणायला काय वापरतात ठाऊक आहे? इस्त्री! तिचं तापमान थर्मामीटरने पक्कं करून आधी साधारण १२० अंशांवर आणि शेवटी १७५ अंशांच्या आसपास फिरवतात. कमी पडली तर कापड सैल, जास्त झाली तर वितळलं. उन्हाने कापड जीर्ण झालं की बोथट टोकाच्या उपकरणाने दाबून त्याची ताकद बघतात. शिवणकामाच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, एक पंख मढवणं आपल्याला फार अवघड नाही. सही करायचं लायसन्स तेवढं नाही आपल्याकडे.

आता जुन्याला नवं करण्याचा भाग. इथे मालक आणि इंजिनिअर यांची जुंपते. जुन्या विमानात घड्याळांसारख्या गोल तबकड्या असतात. मालकाला हवा असतो चकचकीत स्क्रीन, नकाशा दाखवणारा, टीव्हीसारखा. तो बसवता येतो. पण मनात आलं आणि भोक पाडलं असं चालत नाही. त्या मॉडेलसाठी मंजूर झालेला आराखडा लागतो, आणि काम झालं की विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब नव्याने करावा लागतो. रिकामं विमान अवघं सहाशे-सातशे किलोचं. पुढचं जुनं यंत्र काढलं, मागे नवी बॅटरी बसवली, तर तोल मागे सरकतो. तो मर्यादेबाहेर गेला तर विमान सावरत नाही.

तिच्या हँगरमधल्या सेसनाच्या मालकालाही स्क्रीनच हवा होता. यांच्या वरिष्ठांनी मात्र यादी दिली ती अशी: इंजिनाचे रबरी पाइप बदला, सीटचे पट्टे बदला, नियंत्रणाच्या दोन तारा झिजल्यात त्या बदला, आणि अपघात झाल्यावर संकेत पाठवणारं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे, ते काढून ४०६ मेगाहर्ट्झचं बसवा, कारण जुन्या १२१.५ वरचे संकेत ऐकणं उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय. यातलं काहीच पाहुण्यांना दाखवण्यासारखं नाही! मालक नाराज झाले, पण पैसे त्यालाच दिले. स्क्रीन पुढच्या वर्षी. मला विचाराल तर बरोबरच झालं. मोरी गळत असताना कुणी मॉड्युलर किचन करतं का? करतात म्हणा. आमच्या सोसायटीत दोन उदाहरणं आहेत.

हे सगळं हसतखेळत लिहिलं, पण या मुलीच्या घरात एक दिवस असा आला होता, की शिक्षण तिथेच थांबायचं. २८ जून २०१८, गुरुवार. भर पावसाळ्याचे दिवस. जुहूहून उडालेलं एक छोटं विमान दुपारी घाटकोपरला एका बांधकामाच्या जागेवर कोसळलं. दोन इंजिनांचं, किंग एअर सी ९० जातीचं. पूर्वी ते उत्तर प्रदेश सरकारचं होतं, २०१४ साली मुंबईतल्या एका खासगी कंपनीने ते विकत घेतलं. बराच काळ ते जमिनीवरच होतं, आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी त्या दिवशी उडालं होतं. आतले चौघे गेले आणि रस्त्याने जाणारा एक माणूस गेला. त्या चौघांत दोन बायका होत्या. एक सहवैमानिक आणि दुसरी मेंटेनन्स इंजिनिअर.

टीव्हीवर दिवसभर तेच. ताईंनी मला फोन केला. आवाज थरथरत होता. "ताई, चालवणारी गेली ते समजलं. पन ही दुसरी कशाला बसली व्हती? तिचं काम खालीच व्हतं ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी मुलगी घरी आली, तिने आईला दिलं. चाचणीच्या उड्डाणात इंजिन किती तापतंय, दाब किती, आवाज कसा, हे वर गेल्यावरच कळतं. काम केलेली माणसं सोबत असतात ती त्यासाठी. "ज्याने दुरुस्त केलं तो स्वतः बसतो म्हटल्यावर पुढे लोक विश्वासाने बसतात ना गं आई." आई म्हणाली, "म्हंजी तूबी बसशील." मुलगी म्हणाली, "हो."

दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. मी मध्ये पडले नाही. अशा वेळी समाजसेवा करणाऱ्या बाईने तोंड बंद ठेवावं, असं माझं मत आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे ताईंनी डबा भरला आणि मुलीला पाच वाजून काही मिनिटांची लोकल पकडायला पाठवलं. "घाबरून घरी बसवलं असतं तर घर तरी कुठं राहिलं व्हतं आमचं?" असं मला पुढे कधीतरी म्हणाल्या.

बातमीत नाव उडवणाऱ्याचं येतं, ही जुनीच रीत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला पस मॉथ विमान आणलं. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी तोच प्रवास त्यांनी पुन्हा एकट्याने केला, लेपर्ड मॉथ नावाच्या विमानातून. या जातीची विमानं १९३६ नंतर बनलीच नाहीत. म्हणजे उडवणारा ७८ वर्षांचा आणि विमानही पंचेचाळिशी ओलांडलेलं! पुरुषाचं धाडस आपण वाचतो. पण लाकूड आणि कापड यांचं ते विमान अरबी समुद्राच्या काठाकाठाने सुखरूप आलं, त्याआधी कुणीतरी ते बोटाने चाचपून चाचपून तपासलंच असणार ना?

२०२१ साली त्याच तारखेला, १५ ऑक्टोबरला, आपल्या मुंबईच्या आरोही पंडितने भुजहून अहमदाबादमार्गे जुहू असा तसाच प्रवास केला, जीपीएसचा आधार न घेता. तिचं ‘माही’ हे विमान स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं, एका इंजिनाचं, मोटारीपेक्षाही हलकं. याच विमानातून तिने २०१९ च्या मे महिन्यात स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडा गाठलं होतं, तेही एकटीने. आणि भुजची धावपट्टी कुणाची? १९७१ च्या युद्धात बॉम्बने उखडलेली ती धावपट्टी माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत दुरुस्त केली होती. तेव्हा तळाचे प्रमुख होते आपले मराठी अधिकारी, स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. बायका आणि दुरुस्ती हे नातं विमानाच्या जगातही जुनंच आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलीला या वाटेने जायचं असेल तर काही गोष्टी नीट समजून घ्या, कारण यात पैसे लाखांत जातात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेत. संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मान्यता हवी, आणि ती आज चालू आहे का हे स्वतः त्यांच्या वेबसाइटवर बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं, असं नसतं. लायसन्सच्या परीक्षा विषयवार द्याव्या लागतात आणि चालू स्थितीतल्या विमानावर कामाचा अनुभव लागतो. तो अनुभव कुठे, किती महिने मिळणार, हे फी भरण्याआधी लेखी विचारा. आमच्या या मुलीच्या वर्गातल्या काही जणांचं घोडं नेमकं तिथेच अडलंय. इंजिन-सांगाड्याची शाखा वेगळी आणि विजेची-इलेक्ट्रॉनिक्सची वेगळी, मुलीचा कल कशाकडे आहे ते बघा. आणि संस्था बघायला जाल तेव्हा एसी ऑफिसात बसून चहा घेण्याआधी वर्कशॉप दाखवा म्हणा. तिथल्या इंजिनावर मुलांच्या हाताचे ऑईलचे डाग आहेत की नुसती धूळ बसलीय, हे आपल्याला बघताक्षणी कळतं.